जाऊन परत न येणारी गाडी

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला जाणारा प्रत्येक माणूस ती किती लांब धावते ते विचारतो. मी विचारलं, ती कुठवर पोचत नाही. शोरूममधल्या गुरुप्रसादनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्या मागं दाराकडे पाहिलं. म्हातारीबरोबर घरचं कुणी आलंय का, ते शोधत असावा. कुणी आलं नव्हतं. यायला कुणी असतं तर मी गाडी घ्यायला कशाला गेले असते!

"याक री, अक्कार?" त्यानं विचारलं. म्हणजे, असं का हो अक्का?

"ते सोड रे. हुबळीहून बेळगावला जाऊन त्याच दमात परत येते का, तेवढं सांग."

"मोठ्या बॅटरीची येते ना! आरामात."

"आणि ही छोटी?"

तो जरा ओशाळला. माल विकायचा आणि खोटंही बोलायचं नाही, म्हणजे पंचाईतच. "छोटी जाईल अक्का. पण परत येताना कित्तूरच्या आसपास… कष्ट ऐती. अवघडच आहे."

"मग छोटीच दाखव," मी म्हटलं.

त्याला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगून टाकते. मला माझ्या लेकीच्या घरी एक रात्र राहायचं होतं. बास, एवढंच. बेळगाव काही लंडन नव्हे. विद्यानगरातल्या माझ्या घरातून निघालं की दोन तासांत मेधाच्या दारात. पण तिचं लग्न झाल्यापासून मी तिच्याकडे एकदाही झोपले नाही. कारण आमचे हे. धारवाडच्या कोर्टात वकिली केली, आणि घरातही कायदा यांचाच. लेक दिली त्या घरी जेवावं, पाणी प्यावं आणि दिवे लागायच्या आत उठावं, मुक्काम करायचा नाही. यांच्या वडिलांनी पाळलं, यांनी पाळलं, आणि यांच्या मागोमाग पिशवी उचलून मीही पाळलं. चहाचा कप खाली ठेवला की हे घड्याळ बघायचे. मेधा दारात उभी राहून म्हणायची, "अप्पा, आजच्या दिवस राहा की." हे हसून म्हणायचे, "वेडी आहेस का?" दर वेळी तेच. पुढंपुढं तिनं म्हणणं सोडून दिलं.

हे गेले. नियम तेवढा मागं ठेवून गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग कुसुमाताई, तोंडानं सांगावं की. राहते म्हणावं आणि राहावं. अहो, सांगणं एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! आईनं "राहू का?" म्हणून विचारलं तर कुठली लेक नाही म्हणेल? आणि नाही म्हणताच येत नाही त्या प्रश्नाच्या होकाराला काय चव? शिवाय मेधाचा स्वभाव. लगेच विचारणार, आई, काय झालं, बीपी वाढलं का, पडलीस का कुठं. मला काही झालेलं नाही. सकाळी लक्कव्वा येते, भांडी घासता घासता माझ्याशी कानडीत भांडते आणि अकराला जाते. त्यानंतर दुसऱ्या दिवशी ती परत येईपर्यंत त्या घरात कुणाचा आवाज होत नाही. एकदा संध्याकाळी भाजी जळली तेव्हा मी मोठ्यानं "अगं बाई!" म्हटलं आणि स्वतःच दचकले. लक्कव्वा गेल्यापासून तोंड उघडलंच नव्हतं मी. त्या दिवशी मला रडू आलं. भाजीसाठी नाही, ते तुम्हाला कळलंच असेल.

बसनं जाऊन बघितलं. पण आमच्याकडच्या बसची खोड अशी की ती कधी चुकतच नाही. एक गेली की दुसरी उभी. मेधा मला वेळेवर स्टँडवर आणायची, खिडकीची जागा धरून द्यायची, पाण्याची बाटली हातात द्यायची. एकदा वाटलं, आज तरी संप असावा. कसला संप! कंडक्टर हात धरून वर घेत होता.

मग यांची जुनी पेट्रोलची गाडी एकदाची मोडीत गेली आणि शेजारच्या पुंडलिकरावांनी माझ्या डोक्यात इलेक्ट्रिकचं खूळ घातलं. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, दिवसभर मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. बायको मथुरा त्यामुळं त्याला माझ्या अंगणात पिटाळते. तो बोलतो आणि मी शेंगा सोलते, असा आमचा सत्संग.

"वहिनी, बॅटरी मोठीच घ्या," त्यांनी बजावलं. "छोटीची रेंज कागदावर एक आणि हायवेवर एक. बेळगावला जाल आणि तिथंच अडकून पडाल."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"अडकून म्हणजे?"

"म्हणजे घरच्या प्लगला लावायची, सात-आठ तास बसायचं. तोवर अंधार. मग कुठं निघता तुम्ही? मुक्कामच करावा लागायचा!" मुक्काम हा शब्द त्यांनी डेंग्यू म्हणावा तसा म्हटला.

मला तर उठून पुंडलिकरावांच्या तोंडात साखर घालावीशी वाटली. अहो, हेच तर! मी काही मागायचं नाही, नियमही मोडायचा नाही. गाडीच अडली, मी काय करू? यांनी वरून बघितलं तरी यांना वाद घालायला जागा नको. मशिन बंद पडल्यावर कायदा काय करणार?

लॅमिंग्टन रोडच्या शाळेत मी सगळी नोकरी गणित शिकवण्यात घालवली. उत्तर बरोबर आलं पाहिजे म्हणून पोरांची बोटं सुजवली. आता पहिल्यांदा असं गणित घेऊन बसले की उत्तर कमी पडलं पाहिजे. जाण्यापुरती पुरावी, येण्याला पुरू नये. फार छोटी घेतली तर धारवाडच्या पुढंच बसकण मारेल, आणि मग मेधाऐवजी क्रेनवाल्याच्या घरी मुक्काम. तीन शोरूम पालथी घातली. एका ठिकाणी पोरगी सांगत बसली, मॅडम, सनरूफ आहे. हुबळीच्या उन्हात छताला भोक पाडून काय करू, माझे आई? दुसऱ्या ठिकाणची गाडी एवढी उंच, की चढायला पाट ठेवावा लागला असता. शेवटी गुरुप्रसादची ही छोटी पांढरी. चार दारं, पुढं दोघं मागं दोघं, माझ्या पेन्शनीला झेपणारी, आणि परत न येणारी. अगदी मनासारखी.

"एक गुड न्यूज आहे अक्का," गुरुप्रसाद पैसे भरायच्या दिवशी म्हणाला. "तुमचं साधं मॉडेल संपलं. त्याच किमतीत फास्ट चार्जिंगवालं देतो."

"नको मला फास्ट."

"अक्का, फुकट आहे!"

"फुकट असलं म्हणून काय झालं? साधं येईपर्यंत थांबते."

"साधं आता दोन महिने येत नाही." पोरगा हिरमुसला. त्याला वाटलं असेल, केवढी मेहरबानी केली आणि ही बाई नाक मुरडते. मलाही वाईट वाटलं. म्हटलं असू दे बापडं, एक भोक जास्त आहे गाडीला. कोण वापरतंय! मी काही त्याला हात लावणार नव्हते.

गाडी आली. लक्कव्वानं चाकाखाली लिंबं ठेवली, पुंडलिकरावांनी नारळ फोडला आणि "चूक केलीत वहिनी" असं पेढा खाता खाता सांगितलं. जुनी गाडी चालवायची सवय होती, तरी पहिले काही दिवस मी नवनगरापर्यंत जाऊन यायची, हात बसावा म्हणून. आवाजच नाही हो त्या गाडीला! माझ्या घरात आधीच आवाज नाही, आता गाडीतही नाही. मी आपली रस्त्यावरच्या म्हशींना, रिक्षांना, सगळ्यांना मोठ्यानं नावं ठेवत चालवायची. बरं वाटायचं तेवढंच.

रविवारी येते म्हणून मेधाला फोन केला. शनिवारी पिशवी भरली. एक साडी, गाऊन, गोळ्या, दात घासायचा ब्रश, आणि माझी ती पातळ उशी, तिच्याशिवाय मला झोप येत नाही. भरताना हसूच येत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघताना भरली होती तशी भरत होते. पिशवी डिकीत मागं सारली आणि वर जुनी चादर टाकली.

सकाळी निघाले. धारवाड गेलं, कित्तूर गेलं, पुढच्या पडद्यावरचा आकडा उतरत होता आणि मी खूश होत होते. मुद्दाम एसी लावला. घाट नाही, चढ नाही म्हणून जरा वाईटच वाटलं. टिळकवाडीत मेधाच्या इमारतीखाली पोचले तेव्हा निम्म्याहून बरीच जास्त बॅटरी संपली होती. गणित तंतोतंत.

नात दीपश्री धावत खाली आली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि "आजी, हिचं तोंड बेडकासारखं आहे," म्हणाली. जावई वरद चांगला मुलगा आहे, त्यानं वाकून चाकं बघितली, छान आहे म्हणाला. मेधानं गुळाची पोळी केली होती. किती दिवसांनी कुणीतरी मला वाढत होतं. आग्रह करून तूप घालत होतं. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, कारण घाई नव्हती. आज मला घाई नव्हती, हेच मला पोटभर झालं होतं.

हात धुऊन आल्यावर मी वाक्य टाकलं. आठवडाभर घोकलेलं.

"अगं मेधा, एक घोळच झालाय. या गाडीला म्हणे चार्ज व्हायला सात-आठ तास लागतात. माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

"माहितीये मला," मेधा म्हणाली आणि हसली. "तू अजिबात काळजी करू नकोस. तुझ्या गाडीचं नाव कळल्याबरोबर वरदनं सगळं बघून ठेवलंय. हायवेला हॉटेल आहे ना, तिथं फास्ट चार्जर आहे. पाऊण तासात होतं. तीनला निघू, मी येते सोबत, चारला तू रस्त्याला. उजेडात घरी."

मी कोरडेच हात पुन्हा पदराला पुसले.

"अप्पांचा नियम मला माहीत नाही का?" ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "ते नाहीत म्हणून तुला मोडायला लावू होय मी?"

किती प्रेमानं म्हणाली ती! मला तिचा रागही करता येईना. काय म्हणणार? मोड बाई तो नियम, मेला तो नियम? जन्मभर ज्याच्या मागं पिशवी घेऊन उठले, त्याच्या फोटोला हार घालते मी. मी म्हटलं, "हुशार आहात गं दोघं," आणि पाणी प्यायले.

तीनला निघालो. मेधा दहीभाताचा डबा ठेवायला डिकी उघडायला गेली आणि मी घाईनं तिच्या मागं गेले.

"आई, ही पिशवी कसली?"

"इस्त्रीचे कपडे. द्यायचे राहिले."

"आणि उशी?"

"कापूस पिंजायचाय," मी म्हटलं. एवढ्या पातळ उशीतला कापूस पिंजून काय उरणार होतं देव जाणे. पण तिनं डबा नीट ठेवला, चादर सारखी केली आणि डिकी लावली. लेक माझ्यावर विश्वास ठेवते. लहानपणापासून ठेवते.

हॉटेलपाशी पोचलो तर चार्जरवर लाल दिवा. मेधानं मोबाईल लावला, चार्जरची नळी काढली, गाडीत घातली, परत काढली. दिवा लालच.

"बंद आहे वाटतं," ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू, माझा जीव हरखला. वर बघून मनात म्हटलं, अहो, तुम्हीच केलंत का हे? केलं असेल तर फार उपकार झाले. राहू दे बंद. मी तोंड जमेल तेवढं पाडून म्हटलं, "आता गं?"

पण माझी लेक वकिलाची लेक. तिनं तिथला नंबर फिरवला आणि कानडीत अशी काही बाजू मांडली की काय सांगू. माझी आई वयस्कर आहे, एकटी आहे, तिला हुबळीला पोचायचंय, अंधारात ती कशी जाईल, तुम्हाला आई आहे की नाही? पलीकडचा माणूस गडबडला. त्यानं तिथूनच काहीतरी बंद-चालू केलं. दिवा हिरवा झाला. मशिन गुरगुरायला लागलं.

"झालं!" मेधानं छातीला हात लावला. "आई, मला तर घामच फुटला होता."

"माझाही जीव भांड्यात पडला," मी म्हटलं.

मग आम्ही दोघी गाडीत बसून राहिलो. पाऊण तास. हॉटेलातून तिनं कॉफी आणली. आणि खरं सांगू, किती वर्षांनी ती अशी माझ्या शेजारी नुसती बसली होती. वाढत नव्हती, आवरत नव्हती, कुणाला हाका मारत नव्हती. दीपश्रीची उद्यापासून परीक्षा, वरदच्या रात्रीच्या मीटिंगा, पलीकडे अमेरिकेत दिवस असतो म्हणून हा हॉलमध्ये अकरापर्यंत बोलत बसतो, हे सगळं सांगत होती. चपला काढून पाय वर घेऊन बसली होती, शाळेतून आल्यावर बसायची तशी. मी ऐकत होते, पण डोळे पुढच्या आकड्यावर. साठ. पासष्ट. अहो, सावकाश की जरा! आमच्या मागं काय वाघ लागलाय?

ऐंशी झाले तशी ती उतरली, नळी काढून जागेवर लावली आणि माझ्या खिडकीशी आली. वरद तिला न्यायला येणार होता.

"चल, नीट जा. पोचलीस की फोन."

मी चावी हातात धरली. गाडी भरलेली होती. आता अडायला काही नव्हतं. जे काही मागायचं ते तोंडानंच मागायला हवं होतं. म्हटलं, कुसुमावती, एकदा विचार. एवढ्या लांब आलीस ती त्याच्यासाठीच. नाही विचारलंस तर ही गाडी घेऊन तू काय फक्त हवा खायला आली होतीस?

"मेधा," मी म्हटलं, "राहू का गं आज?"

"आज?"

एवढाच शब्द. तिनं तो वाईट मनानं म्हटला नाही. पण तो म्हणताना तिची नजर माझ्यावरून सुटली आणि घरी जाऊन आली. मला दिसलं सगळं. हॉलमध्ये वरद अकरापर्यंत. दीपश्रीच्या पलंगावर पुस्तकं, सकाळी साडेसातला परीक्षा. आई कुठं झोपेल, कुणाला कुठं हलवायचं. एका क्षणात लेकीनं सगळं घर इकडचं तिकडं करून बघितलं आणि मग मला म्हणाली, "राहा की गं आई! त्यात काय विचारायचं?"

पण तो क्षण माझ्या आणि तिच्यामध्ये येऊन बसला होता. तो काही आता उठून जाणार नव्हता.

"चेष्टा केली गं," मी म्हटलं. "तुझ्या अप्पांनी वरून दगड मारला असता मला."

"आई पण ना!" ती हसली. केवढी मोकळी हसली. खांदे खाली आले तिचे. "मला क्षणभर खरंच वाटलं. पण पुढच्या वेळी खरंच राहा हं. फक्त आधी कळव, म्हणजे मी नीट तयारी करून ठेवते."

तयारी पाहुण्यांसाठी करतात. आई आली की नुसतं जरा सरकून जागा करायची असते. हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि "बरं" एवढंच म्हणून गाडी हुबळीच्या रस्त्याला लावली.